मांडून ठेवलेली पाच पानं

शनिवारी सकाळी सहाला संकेत गाडी काढायला खाली गेला आणि दोन मिनिटांत परत वर आला. त्याच्या हातात गाडीचं कव्हर होतं, नीट चौकोनी घडी घातलेलं.

"बाबा, गाडी नाही."

वसंतराव दात घासत होते. ब्रश हातात घेऊनच ते खाली उतरले. जिन्याशेजारची जागा रिकामी होती; काल रात्री तिथला दिवा गेलेला, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गेटपाशी पुराचं पाणी अडवायला बांधलेला वीतभर उंच उंबरा होता. मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये निम्म्या इमारतींना तो असतो. संकेतची गाडी दोन माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी. दोन लाकडी फळ्या लावल्याशिवाय तिचं पोट त्या उंबऱ्यावरून सुटतच नसे.

त्या फळ्या जिन्याखाली होत्या. एकावर एक, भिंतीला लावून, नेहमी ठेवतात तशा.

"चोर फळ्या जागेवर ठेवून गेला?" संकेत म्हणाला.

"आणि कव्हरची घडी घालून," वसंतराव म्हणाले.

रेल्वेत एकतीस वर्षं त्यांनी अपघातांच्या चौकशा केल्या होत्या. इतका शिस्तीचा चोर त्यांना कधी भेटला नव्हता.

गाडी घेऊन सहा दिवस झाले होते. संकेत ओरगडमच्या कारखान्यात इंजिनिअर; आठवडाभर कंपनीच्या बसने जायचा-यायचा आणि शनिवार-रविवारी समुद्राकडेच्या रस्त्यावर उडवायला त्याला गाडी हवी होती. वीस वर्षं जुनी, टप दुमडणारी, बाटलीच्या काचेसारखी हिरवी स्पोर्ट्स कार त्याने तांबरमच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली. त्याची बायको प्राची बँकेत होती. तिला गाडी आवडली नव्हती अशातला भाग नाही. पण तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तीन माणसांच्या घरात दोन सीटची गाडी? बाबांना काय डिकीत बसवायचं?"

वसंतरावांनी आधी वॉचमनला गाठलं.

"आरुमुगम, गाडी शेवटची कधी पाहिलीस?"

"काल दुपारी बाराला सार, जेवायला गेलो तेव्हा."

"परत आलास तेव्हा?"

"एकला आलो. नव्हती. मला वाटलं, घरच्यांनीच नेली."

"का वाटलं?"

आरुमुगमने मान खाली घातली. "समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. गाडी बाई चालवत होती. काळा चष्मा, डोक्याला ओढणी."

संकेत जिन्यालगतच्या बंद पडलेल्या जुन्या मीटरच्या पेटीकडे गेला. गाडीची दुसरी चावी तिथे ठेवलेली असायची, कारण संकेत चाव्या हरवण्यात पटाईत होता. पेटीचं झाकण लावलेलं होतं. आत चावी नव्हती.

ती जागा फक्त तिघांना माहीत होती.

वर आल्यावर जे झालं, ते वसंतरावांना ऐकवेना.

"काल दुपारी बारा ते एक कुठे होतीस?" संकेतने विचारलं.

"बँकेत."

"जेवायच्या सुट्टीत?"

"बाहेर गेले होते."

"बाहेर कुठे?"

प्राचीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बँक घरापासून दहा मिनिटांवर होती. "हे विचारायची वेळ आली का, संकेत?"

"चावी तिघांना माहीत. मी ओरगडमला होतो. बाबांना गाडी चालवता येत नाही. आणि चालवणारी बाई होती."

"गाडी गेली तर पेढे वाटीन, असं मी म्हटलं होतं. तेही घाल त्यात."

ती आत गेली. कपाटावरून बॅग काढल्याचा आवाज आला. संध्याकाळच्या विमानाने ती पुण्याला, माहेरी निघाली होती.

"पोलिसांत जातो मी," संकेत म्हणाला.

"जा. चावी घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हती म्हणून सांग. मग पहिलं नाव कोणाचं लिहितील?"

संकेत खुर्चीत बसून राहिला.

वसंतरावांना फार असहाय वाटलं. रुळाला तडा कुठे गेला ते त्यांनी आयुष्यभर शोधलं. इथे तडा डोळ्यांदेखत जात होता आणि आपलेच दात, आपलेच ओठ. सून खोटं बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण 'मला ठाऊक आहे' हा पुरावा त्यांनी स्वतःच कितीतरी गँगमनच्या बाबतीत फेटाळला होता.

शेवटी त्यांनी जुन्या सवयीने वही काढली. काय घडलं ते क्रमाने लिहायचं, आवडणारं आणि न आवडणारं.

तांबरमला ते तिघं दोनदा गेले होते. गाडीचा मालक उंचापुरा, सत्तरी ओलांडलेला, आवडी नावाच्या गावच्या लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेला. कागदांवर नाव होतं एम. बालाजी राव. इथे आडनाव कोणी लावत नाही, पुढे एक अक्षर असतं, त्यातून काय कळणार? राव म्हणजे तेलुगू, असं वसंतरावांनी धरून टाकलं. बोलणं इंग्रजीत आणि तमिळमध्ये झालं. गाडीचं इंजिन रावांनी सात वर्षं खपून स्वतः जुळवलं होतं. काही भाग तर घरच्या लेथवर घडवलेले. आता हात कापतात, मुलांनी कोयंबतूरला वृद्धांच्या वसाहतीत घर घेतलंय, म्हणून विकायची. अकरा गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवली होती. अट एकच, इंजिनाला हात लावायचा नाही.

संकेतने इंग्रजीत छातीवर हात ठेवून सांगितलं, "घरच्या माणसासारखी सांभाळू."

रावांच्या पत्नी सरोजाम्मा कॉफी घेऊन आल्या. वसंतराव प्राचीच्या कानाशी मराठीत पुटपुटले, "साखर कमी आहे." थोड्या वेळाने सरोजाम्मा साखरेचा डबा घेऊन आल्या. काय अगत्य बाईंचं, असं वसंतरावांना तेव्हा वाटलं होतं.

दुसरी खेप मागच्या रविवारची, गाडी ताब्यात घ्यायची. सह्या झाल्या, चेक दिला. अंगणात गाडीपाशी उभे असताना संकेतने बसून पाहिलं आणि म्हणाला, "सीट केवढी पुढे ओढलीय. माझे गुडघे अडकतायत." मग मागे सरकवता सरकवता मराठीत बोलला, "दोन महिने मिरवू. मग इंजिन काढून मित्राच्या ट्रॅकवरच्या गाडीत घालू. सांगाडा भंगारात."

"असं नका रे करू," प्राची म्हणाली होती. "किती जीव लावलाय त्यांनी."

वसंतराव हसले होते. मद्रासेत मराठी म्हणजे घरचं कुलूप, हा त्यांचा लाडका सिद्धांत. तीस वर्षं त्यांनी बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये या कुलपावर भरवसा ठेवला होता. त्याच भरवशावर ते पुढेही बोलले होते. गेटवर पोट घासेल, जिन्याखालच्या फळ्या लाव म्हणाले. दुसरी चावी जुन्या मीटरच्या पेटीत ठेव म्हणाले. आणि मग आणखी एक वाक्य.

ते वाक्य त्यांनी वहीत लिहिलं नाही.

रावांनी चावी संकेतच्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नव्हती. आणि निघताना वसंतरावांना आतल्या खोलीत केळीची पानं मांडलेली दिसली होती. पाच. फोडणीचा वास घरभर होता. कोणी पाहुणे यायचे असतील, असं समजून ते निघाले होते आणि गाडीत जागा दोघांचीच, म्हणून एकटेच लोकलने घरी आले होते.

वसंतरावांनी पेन खाली ठेवलं.

"संकेत, चेक वटला?"

"नाही अजून. म्हातारा माणूस, विसरला असेल."

"प्राची, बॅग राहू दे. चप्पल घाल. विमानाच्या वेळेआधी परत येऊ."

"कुठे जायचं, बाबा?"

"तांबरमला. कॉफी प्यायला."

तांबरमच्या त्या घरात भिंतीलगत खोकी बांधून ठेवली होती. रावांनी तिघांना बसवलं, इंग्रजीत विचारपूस केली. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही आणि पाहुणे का आले, हेही विचारलं नाही. सरोजाम्मांनी कॉफी आणली.

वसंतरावांनी एक घोट घेतला आणि प्राचीकडे वळून मराठीत हळूच म्हणाले, "आजही साखर कमीच आहे."

सरोजाम्मा वळल्या. स्वयंपाकघराच्या दिशेने दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. त्यांचा हात पदराशी गेला.

रावांनी डोळे मिटले.

"बाबा?" संकेत म्हणाला.

"ऐक," वसंतराव म्हणाले. ते मराठीतच बोलत होते आणि भाषांतर करायची आता गरज नव्हती. "चावीची जागा तिघांना माहीत होती असं तू धरलंस. ती जागा घराबाहेर एकदाच बोलली गेली, याच अंगणात. बोललो मी. फळ्यांचंही मीच बोललो. घरचा पत्ता तर कागदांवरच होता."

"पण आपण मराठीत..."

"हो. आणि मराठीत मागितलेली साखर या घरात मिळाली होती. मी तिला अगत्य म्हटलं."

"पण गाडी बाई चालवत होती."

"राव केवढे उंच आहेत बघ. त्यांचे हात कापतात. मग चालकाची सीट पुढे ओढलेली कोणी? गेली काही वर्षं ही गाडी सरोजाबाई चालवतात. राव शेजारी बसतात. काल राव गेटपाशी उभे राहिले असतील, फळ्या लावल्या असतील. गाडी बाहेर पडल्यावर त्यांनी त्या जागेवर ठेवल्या, कव्हरची घडी घातली. दुसऱ्याच्या घरची वस्तू जिथली तिथे ठेवणारी माणसं. चोराने चेक आधी वटवला असता. यांनी तो तसाच ठेवलाय."

"का पण?"

"आपण जे बोललो ते ऐकून. आपण इंग्रजीत वचन दिलं आणि मराठीत खरं बोललो." वसंतराव रावांकडे वळले. "त्या दिवशी पाच पानं मांडली होती. तुम्ही दोघं, आम्ही तिघं. बरोबर?"

रावांनी डोळे उघडले. मग बोलले, आणि त्यांचं मराठी ऐकून संकेतची मान वर झाली. जुन्या पोथीतलं असावं तसं ते मराठी होतं, तमिळच्या हेलात.

"आम्ही तंजावरचे. एम म्हणजे मानाजी, माझे वडील. पोरं तमिळ बोलतात, नातवंडं इंग्लिश. मराठी घरांत दोघांपुरती उरली. तुम्ही पहिल्यांदा आलांत, बोलूं लागलांत. मी हिला म्हटलों, सांगूं नको. उगीच ऐकत राहूं. गाडी देऊं त्या दिवशी जेवाला बसवूं आणि सांगूं, आम्ही पण तुमचेच."

"डांगरपचडी केली होती," सरोजाबाई म्हणाल्या. "सांबार. पुरण. अस्कं केलं होतं." अस्कं म्हणजे सगळं, हे त्यांच्या पसरलेल्या हातांवरून कळलं.

"मग तुम्ही अंगणांत बोललांत. अस्कं ऐकिलों."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" संकेत कसाबसा म्हणाला.

"सही झाली होती. दिलेला शब्द. काय बोलूं? चार दिवस झोप नाहीं आली. पांचव्या दिवशी हीच म्हटली, चला, घेऊन येऊं. या वयांत चोरी केलों."

गाडी मागच्या शेडमध्ये उभी होती, पुसून काढलेली. ते कोणी नाकारलं नाही.

सरोजाबाई प्राचीपाशी येऊन बसल्या. "ही पोर तेवढी म्हटली होती, नका करूं. मी ऐकिलें."

प्राचीचे डोळे भरून आले. संकेतने तिच्याकडे पाहिलं. "काल दुपारी..." तो म्हणाला.

"बाबांच्या चष्म्याची काच बदलायला गेले होते," ती म्हणाली. "आता विचारू नकोस. घरी बोलू."

वसंतरावांच्या नाकावर नवी काच होती. सकाळपासून ते तिच्यातूनच बघत होते; ती कधी बदलून आणली, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

राव उठले. कापत्या हाताने त्यांनी खणातून चेक काढला, चावी काढली, दोन्ही टीपॉयवर ठेवलं. मग चेक परत उचलून खिशात घातला.

"गाडी तुमचीच. सही केलों मी. गुरुवारी आम्ही जातों, तिथें गाडी ठेवाला देत नाहींत. ठेवून तरी काय करूं? काल हिने घरापर्यंत आणली, तेवढं फिरणं झालं. घेऊन जा. इंजन काढाल तेव्हां आम्हाला कळवूं नका, येवढंच."

संकेत घाईने इंग्रजीत म्हणाला, "आम्ही इंजिनाला कधीच हात लावणार नाही, सर. शब्द देतो."

राव हसले. पहिल्या दिवशी हसले होते तसंच, आदबीने.

संकेतला त्या हसण्याचा अर्थ कळला. त्याने वडिलांकडे पाहिलं. प्राचीनेही पाहिलं. तिघांत तीस वर्षं तमिळ आणि मराठी दोन्ही बोलणारे वसंतराव एकटेच होते, आता त्यांनीच बोलायला हवं होतं.

वसंतरावांना वहीत न लिहिलेलं ते वाक्य आठवत होतं. रविवारी, याच घराच्या अंगणात, हसत हसत ते म्हणाले होते, "गोड बोल. भंगार झालं तरी म्हाताऱ्याला सांगायला कोण जातंय?" ते मराठीत होतं आणि मनापासून होतं. समोर बसलेल्या माणसाने ते शब्दन् शब्द ऐकलं होतं.

आज त्यांना मनापासून उलटं सांगायचं होतं. तमिळमध्ये त्यांनी इथे गोड बोलून घेतलं होतं, इंग्रजीत मुलाने. राहिली मराठी.

सरोजाबाई उठल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या आणि त्यांच्या पेल्यात चमचाभर साखर घातली. कॉफी निवली होती. कुठल्या भाषेत सांगितलं म्हणजे या दोघांना खरं वाटेल, ते वसंतरावांना कळेना. ते खाली मान घालून साखर ढवळत राहिले.