पिवळा म्हणजे अडकलोय

"ताई, शिडी हलतेय."

"शिडी नाही, मी हलतेय," मी खालून शिडी धरून म्हटलं. "आणि ताई नको. मोनिका."

येणार होते आमचे नेहमीचे वायरमन साहेबराव. आला होता त्यांचा पुतण्या. त्याने वाकून खाली पाहिलं आणि हसला... उगाचच छान हसला.

"मी निरंजन. निघोज्याचा. चाकणला कंपनीत मेंटेनन्सला हाय."

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. आणि पिंपळे गुरवच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मौनाची उपासना ठरवली ती मीच. कीबोर्ड नाही, साउंड बॉक्स नाही. एक वचन वाचायचं, दिवे हळूहळू मंद करायचे, दहा मिनिटं शांत बसायचं, मग क्रुसामागून उजेड वाढवत न्यायचा. आई गेली तेव्हा जो तो येऊन मला समजावत होता. मला कुणीतरी नुसतं शेजारी बसायला हवं होतं, गप्प. कुणी बसलं नाही, म्हणून हा हट्ट.

"दहा मिनिटं गप्प? तुम्ही?" निरंजनने विचारलं.

"मी लोकांना बसवणार आहे."

"आणि तुम्हाला कोण बसवणार?"

मला राग आला. हसूही आलं, ते जास्त वाईट.

पहिल्या गुरुवारी फजिती झाली. दिवे मंद व्हायला लागले, तशी मागून एक मावशी म्हणाली, "गेली बाई लाईट." झालं, सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च लावले. आमच्याकडे गुरुवारी लाईट जातेच, त्यांचा तरी काय दोष? पाळकसाहेब म्हणाले, "चांगले दिवे लावलेस, मोनिका. पुढच्या गुरुवारी शेवटचं. नाही जमलं, तर आपला कीबोर्ड बरा."

सगळे गेल्यावर मी रडले. निरंजन वायर गुंडाळत होता.

"वेदीपाशी एक दिवा चालू ठेवू," तो म्हणाला. "म्हणजे लाईट हाय, हे कळतं. आमच्या मशीनवर असतात ना तसे. हिरवा म्हणजे काम चालू, लाल म्हणजे बंद."

"आणि पिवळा?"

"पिवळा म्हणजे... मी अडकलोय, कुणीतरी या."

हे सांगताना तो वायरकडेच बघत होता.

त्या एका दिव्याच्या जागेवरून आम्ही आठवडाभर फोनवर भांडलो. भांडण मिटायचं, पण फोन कुणीच ठेवायचं नाही.

गुरुवार आला. मी पुढच्या बाकावर, तो मागे दाराशी, बोर्डापाशी. दिवे मंद झाले. वेदीपाशी तेवढा एक दिवा राहिला. तिसऱ्या मिनिटाला माझा पाय हलायला लागला. आता कुणीतरी खोकेल, उठेल, टॉर्च लावेल... पण कुणीही टॉर्च काढला नाही. आठव्या मिनिटाला पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

उजेड वाढला. लोक न बोलता निघून गेले. मला पळत जाऊन त्याला सांगायचं होतं, जमलं, अरे जमलं. मी वळले.

बोर्डाच्या वर एक पिवळा दिवा लागला होता. तो आधी तिथे नव्हता.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. नुसतं त्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"उपासना संपली," तो हळूच म्हणाला. "आता बोललं तरी चालतंय."

"मीपण अडकलेय रे," मी म्हटलं. "पण आत्ता काही बोलू नकोस. बस ना इथे."

तो मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसला, गप्प. दहा मिनिटं झाली, मग आणखी दहा. माझा पाय एकदाही हलला नाही.