तिसरी हाक

"सत्यवती काशीराम तांडेल हाजिर हो...!"

कोर्टाच्या ओट्यावर बसलेली सत्यवती हलली नाही. दुसरी हाक आली, तरी ती श्रावणाच्या सरीकडेच बघत राहिली. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही तर दावा खारीज होतो. म्हणून हाक मारणारा गुणाजी पट्टेवाला स्वतःच बाहेर धावला.

"काय गो, सत्यवती तूच ना?"

"सत्यवती मी. काशीरामाची नाय! त्यानं मुंबयत दुसरी केलीन. त्याच्यापासनं सुटायला आल्ये, नि हाक त्याच्याच नावानं?"

मिरकरवाड्यात मासळी विकून ती परस्पर आली होती. केस ओले, नाकावर राग. गुणाजी बघतच राहिला... आणि ते तिच्या लक्षात आलं.

"ह्येच आत येऊन बाईंना सांग," तो हळूच म्हणाला.

बाई म्हणजे जज्जबाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागदावर तिचं माहेरचं नाव लिहायला लावलं. पुढच्या तारखेला गुणाजीनं खणखणीत हाक दिली, "सत्यवती भागोजी भाटकर!" लग्नानंतर पहिल्यांदाच तिला आपलं नाव गोड लागलं. कोणाच्या तोंडून, हे ती मनाशीसुद्धा बोलली नाही.

मग दर तारखेला तो तिच्यासाठी बाकावरची कोरडी जागा धरून ठेवायचा. ती केळीच्या पानात तळलेला बांगडा आणायची.

"कोर्टात मासे?"

"नको तर द्या परत."

"नको म्हटलंय कोणी...?"

साक्षीपुरावे संपले. बाईंनी निकालाची तारीख दिली. गुणाजी पट्ट्याच्या बिल्ल्याशी चाळा करत म्हणाला, "निकाल लागला की मला एक विचारायचा हाय."

"आताच विचारा."

"आता... कागदावर तू त्याची—"

"आग लागो त्या कागदाला!" ती म्हणाली, पण हसली.

निकालाआधीच बाईंची बदली झाली. का, ते कोणी सांगितलं नाही. वर बसून नेमणुका करणाऱ्यांना मिरकरवाड्यातली कोण सत्यवती! कायद्याचं पुस्तक तेच, खुर्चीतला माणूस तेवढा बदलला, आणि तिचा दावा पुन्हा पहिल्या पानावर आला.

नवे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "पुरुषमाणूस आहे, पाय घसरतो. दोघी बहिणीसारख्या नांदा. आणि बाईला नाव नवऱ्याचंच शोभतं. तसंच पुकारा."

बहिणीसारख्या! सत्यवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांच्या स्वतःच्या लेकीला त्यांनी हेच सांगितलं असतं का?

पुढच्या तारखेला ती ओट्यावरच बसली. हाक आली, "सत्यवती काशीराम तांडेल..." गुणाजी तिच्याकडे बघत नव्हता. मेल्याला नोकरी प्यारी, ती मनात म्हणाली. डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला.

दुसरी हाक. आता त्यानं बघितलं. ऊठ गो, असे डोळे. तिनं मान हलवली. उठली नाही तर दावा जाणार आणि ती जन्मभर काशीरामाला बांधलेली राहणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी ती उठली नाही.

गुणाजीनं दाराची चौकट धरली.

"सत्यवती... भागोजी... भाटकर हाजिर हो!"

ती ताडकन उठून आत गेली. साहेब कडाडले. दावा वाचला, पण तारीख चार महिने पुढे गेली. साहेबांचा हुकूम का मोडला, म्हणून गुणाजीला खुलाशाचा कागद मिळाला.

तो कागद हातात धरून तो ओट्यावर आला, तेव्हा ती थांबली होती.

"काय विचारायचा होता?"

"निकाल कुठं लागलाय अजून?"

"साहेब येतील नि जातील. किती जणांची वाट बघू मी? विचारा."

"सुटलीस की... माझ्याशी लगीन करशील?"

"करीन. पण तवापण नाव बापाचाच लावणार. चालंल?"

गुणाजीनं खुलाशाचा कागद घडी करून खिशात घातला.

"मला त्याच नावाची सवय झालेय," तो म्हणाला.