काढून ठेवलेला रिले

लातूर नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, नळ कोरडे. पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलेला मन्मथ टँकरांची वायरिंग करायचा. एका दुपारी चुलता चंद्रप्पा आपला टँकर घेऊन आला.

"मन्मथा, हेडलाइट आपोआप लागून राहिलेत. तेबी एकाच जागी, निलंग्याच्या रस्त्याला, वस्तीच्या वळणावर."

मन्मथनं बॉनेट उचललं. आत काड्यापेटीएवढा रिले. बटणाचा बारीक करंट त्यात शिरतो, लोहचुंबक पत्री ओढतो, टक्, आणि बॅटरीचा मोठा करंट दिव्यांत जातो. लहानानं सांगायचं, मोठ्यानं ऐकायचं. घरात कधी असं झालेलं मन्मथला आठवत नव्हतं.

रिलेला एक चोरटी वायर होती. सीटखाली तिचं बटण.

"हे कशाला, काका?"

"वस्तीवरले लोक उजेड बघून पळत येतात, गाडी अडवतात. पाणी पाटलाच्या मळ्याला पोचवायचं असतंय. तेवढ्यापुरते दिवे मालवायचे अन् अंधारात निघायचं."

मन्मथचे हात थांबले. त्या वस्तीवर बाया डांबरावर हंड्यांची रांग लावून नंबर धरत, हंड्याशीच झोपत. महिन्यामागं तिथं रांगेत झोपलेली शरणम्मा चाकाखाली गेली. पाटील, पंच, सगळ्या पांढऱ्या मिशा बसल्या आणि ठरवून मोकळ्या झाल्या, की परमुलखातला ट्रक होता.

"त्या रात्री तुमचे दिवे बंद होते, काका?"

"मोठ्यांना विचारायची ही रीत हाय का? शाळेसंगं अक्कलबी सोडली का रे? काढ तो रिले!"

मन्मथनं रिले उपटून खिशात घातला. "चला. मीबी येतो."

दिवेलागणीला टँकर वळणाजवळ आला. वारा पडलेला. तापलेल्या डांबराचा वास, आणि त्यात ओल्या लुगड्याचा...

टक्.

बॉनेटखालून आवाज आला. दोन्ही दिवे भक्कन लागले.

"रिले... खिशात हाय ना रे?"

"हाय."

चंद्रप्पानं गाडी दामटली. मन्मथनं हँडब्रेक ओढला. गाडी आचके देत बंद पडली.

"बॅटरीची वायर काढ..."

मन्मथ खाली उतरला, वायर काढली. दिवे जळतच राहिले.

तो उजेड बघून बाया हंडे घेऊन आल्या. कुणी ओरडलं नाही, ढकललं नाही. रांग लागली.

"तोटी सोडा, काका."

"पाटील काय म्हणंल?"

"सोडा. न्हाईतर ह्यांच्यासमोर सांगा, शरणम्माला कुणी मारलं."

चंद्रप्पानं तोटी सोडली. रांगेत तिसरीच्या मागं एका माणसाची जागा मोकळी होती.

"मावशी, सरका की पुढं," मन्मथ म्हणाला.

"नंबर हाय तिथं," म्हातारी हळूच बोलली.

रांग सरकली. मोकळी जागाही सरकली, आणि तोटीपाशी आली. धार पडत होती, खाली हंडा नव्हता. तरी हंडा भरताना होतो तसा आवाज येत होता, आधी पोकळ, मग दबत दबत वर चढणारा. जमीन कोरडीच.

"अंधारात दिसली न्हाई गं..." चंद्रप्पाच्या तोंडून निघालं. "मीच... मीच होतो..."

बायांनी ऐकलं. एकीनंही मान वर केली नाही. आवाज काठाला आला तशी चंद्रप्पानं तोटी बंद केली.

मागची म्हातारी वाकली. कुणाला हंडा डोक्यावर चढवू लागावं तसे तिनं दोन्ही हात जड करून वर नेले, क्षणभर तोल जाऊ दिला नाही. मग आपला हंडा तोटीखाली सरकवला.