चार शेरांची पायली

"ए पायली, तुझं मापटं कुठं हरवलं?" सोनपेठच्या भर बाजारात बबलूनं हाळी दिली आणि पायलीचं डोकंच फिरलं!

"शाळा उघडू दे, नाव 'पायल'च करते! मग बघते कोण वरडतं!"

पायली म्हणजे धान्य मोजायचं चार शेरांचं माप; मापटं, चिपटं ही त्याहून लहान मापं. हे काय पोरीचं नाव झालं?

"एक वेलांटी तर काढायची," तिची मैत्रीण धम्मशीला म्हणाली. "त्यापायी एवढ्या उन्हात फिरायलोय आपण?"

"माझे बापू म्हणले ना, जिनं नाव दिलं तिला विचार म्हणून!"

ती म्हणजे मेंढरंवाली कासाबाई. बाजाराच्या टोकाला ज्वारीची पिशवी घेऊन बसली होती, कपाळाला आठ्या घालून.

"कासामाय, मला हे नाव नको! पोरं मापटं म्हणतेत, चिपटं म्हणतेत!"

"म्हणू दे. तुझ्या आधीची दोन लेकरं जगली न्हाईत. म्हणून तुझ्या मायनं तुला नावापुरतं मला इकलं, पायलीभर ज्वारीला. इकलेलं लेकरू मरणाला वळखू येत न्हाई, बाळा. माझं माप बी तुमच्याच घरी राह्यलं."

"पण नाव..."

"गप! माझंच डोकं उठलंय. रंगनाथशेठच्या दुकानातल्या पायलीत चार दिस भाकरी व्हायच्या, आता तिसऱ्या दिशी पिशवी रिकामी! भूक वाढली का काय माझी?"

"भूक न्हाई, माप घटलं असंल!" धम्मशीलाचे डोळे चमकले.

पायली, धम्मशीला आणि मागं लागलेला बबलू, तिघं पळाली भगवानरावांकडं. बाजारावर देखरेख त्यांची. ते शेठच्या दुकानासमोरच चहा फुंकत बसले होते. "रंगनाथशेठच्या मापाला सरकारी शिक्का हाय. पळा इथून!" बूडसुद्धा हललं नाही!

पायली चरफडत घरी गेली. घर बाजाराच्या मागंच. कासाबाईचं काळंकुट्ट जुनं माप आईनं लसूण ठेवायला घेतलं होतं. लसूण सुपात ओतला आणि माप घेऊन ती थेट दुकानापुढं.

"शेठ, पायलीभर ज्वारी ह्यात वता!"

शेठ हसला. शिगोशीग माप भरून ओतलं. पायलीचं माप चार बोटं रिकामंच!

माणसं जमली. "तुझंच माप मोठं हाय!" शेठ गरजला.

तेवढ्यात बबलूनं शेठचं माप उचललं आणि पालथं करून दगडावर दाणकन आपटलं. आतून खोट्या बुडाचा गोल पत्रा निखळला, टणटण करत भगवानरावांच्या पायाशी गेला!

भगवानराव चहा सांडत उठले. शेठला खाली मान घालून कासाबाईची पिशवी भरावी लागली, जुन्या मापानं.

"शाब्बास गं वाघिणी!" भगवानरावांनी डोक्यावर हात ठेवला. "मोठ्यांना जमलं न्हाई ते केलंस. काय नाव तुझं? पायल ना?"

कासाबाई बघतच होती.

"पायली!" पोरगी खेकसली. "चार शेरांची! एक दाणा बी कमी न्हाई!"

"मापटं..." बबलू एवढंच म्हणाला, आणि पळत सुटला.