साडेचौदा तास

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या केसांत कापसाचा पुंजका अडकलेला होता. सांगावं की नाही... नाहीच सांगितलं.

"मॅडम, मुंबई ते ऑकलंड लांब किती हाये?"

मलकापूर स्टेशनजवळच्या आमच्या दुकानात रेल्वेची, ट्रॅव्हल्सची तिकिटं निघायची. विमानाचं कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी कॉम्प्युटरवर शोधलं. "बारा हजार तीनशे किलोमीटर."

"किलोमीटर नका सांगू. इथून धाड गावाले जायाले दोन तास लागतात, तसं सांगा."

"साडेचौदा तास."

"बस?" तो हसला. "मंग तर जवळच हाये!"

हरिओम त्याचं नाव, वरवट बकालचा. ऑकलंडकडच्या डेअरीत दोन वर्षांची नोकरी लागली होती. तिकीट कंपनीच पाठवणार होती. तरी तो रोज यायचा.

"आज काऊन आले?" मी विचारायची.

"साडेचौदाचे पंधरा तर नाही झाले न, ते पाहाले."

जायच्या आदल्या दिवशी तो काउंटरवरच्या पेनाशी चाळा करत म्हणाला, "आल्यावर बाबाले तुमच्या घरी पाठवतो. थांबसान न?"

"थांबीन. पण बोलावलं की यायचं—"

"साडेचौदा तासांत."

दीड वर्षानं अकोल्याच्या पाहुण्यांनी मला पसंत केलं. रविवारी सुपारी फोडायची ठरली. आमच्याकडे सुपारी फुटली की शब्द फिरत नाही. मी हरिओमला फोन केला. शनिवारी दुपारी बाराला त्याचा निरोप आला, 'विमानात बसलो.' मग फोन बंद.

माझ्या बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"किती वाजता येते तो?"

मी बोटांवर मोजलं. साडेचौदा तास विमान, पुढं आठ-नऊ तास रेल्वे. "बारापर्यंत. नाही आला तर... तुम्ही म्हणाल तसं."

"बारापर्यंत थांबवतो पाहुण्यांले," बाबा म्हणाले, आणि रविवारी त्यांनी शब्द पाळला. पाहुण्यांना दोनदा चहा दिला, पिकाच्या, पावसाच्या गोष्टी लांबवल्या. बारा वाजले. एक वाजला. दर रिक्षाला ते दारात जाऊन पाहायचे. दीडला आत येऊन माझ्याकडं नुसतं बघितलं. मी मान खाली घातली.

बाहेर बत्त्याखाली सुपारी फुटली.

तो सोमवारी सकाळी आला. थेट दुकानात, पाठीवर बॅग घेऊन. माझ्या बोटातली अंगठी त्याला दिसली.

"मुंबईले पोचालेच एकतीस तास लागले," तो म्हणाला. "मधात दोन ठिकाणी उतरवलं."

"मी तर साडेचौदा..."

"तुम्ही बराबरच सांगितलं होतं. सरळ गेलं तर तेवढेच लागतात." तो थांबला. "पण सरळ विमानच नाही, निशिगंधा."

पहिल्यांदाच नाव घेतलं त्यानं.

"मुंबईचं एक तिकीट काढून द्या."

"परतीचं?"

त्यानं मान हलवली. नाही.

मी तिकीट काढलं. कापसाच्या बाजारातून चालत आला असावा — केसांत पुन्हा कापूस होता.

"कापूस लागलाय... केसांना."

"कुठं?" त्यानं चाचपडलं. सापडला नाही.

आमच्यात एक काउंटर होतं. हातभर रुंद. मी अंगठीचा हात खाली मांडीवर घट्ट धरून ठेवला, आणि तो कापसासकट पायऱ्या उतरून गेला.