बिनडिक्कीची गाडी

ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला त्या थंडीत मला एकच जागा आवडायची. अमरावतीला मामाच्या आवारातली छत्तीस सालची गाडी. टप मागे पाडलेला, कातड्याची बैठक उन्हानं ऊन-ऊन झालेली, स्टिअरिंगला टेकवून ठेवलेलं सूप. विलायती गाडी, नागपूरच्या कुण्या बॅरिस्टरनं काढून टाकलेली. मी तिच्यात ड्रायव्हरच्या जागी बसून शेंगा सोलायची आणि मनातल्या मनात कुणाकुणाशी भांडायची. मला भांडता येतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे लाजरीबुजरी नायिका शोधत कुणी पुढं वाचायला नको.

"गाडी शेंगांसकट विकून राहिले का?"

मान वर केली. एक तरणा माणूस दाराशी उभा. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून टोपी काढून कपाळावर धरलेली, आणि त्या सावलीत तो हसत होता. हसताना एकच गाल आत जात होता... दुसरा तसाच. इतकं बघायचं काही कारण नव्हतं. पण बघितलं.

"शेंगा महाग हायेत," मी म्हटलं. "गाडी परवडन एखाद्या वेळी."

"मंग चाखून पाहतो." आणि न विचारता त्यानं सुपातले मूठभर दाणे उचलले.

हा देवीदास. अकोल्याला त्यांची कापसाची जिनिंग, अकोटाकडे काळी जमीन. वडील केशवराव पलीकडे मामाशी बोलत होते, चौतीस सालच्या गाडीपाशी. माझे आईबाप लहानपणीच गेले. मला वाढवलं ते मामानं, नत्थुजीनं. मामा जुन्या मोटारी घ्यायचा, झाडूनपुसून विकायचा. त्या हंगामात त्याच्याकडे एकाच बनावटीच्या दोन गाड्या आल्या होत्या. दोन्ही उघड्या टपाच्या, दोन्ही पळण्यात वाऱ्यासारख्या, दोन्हींत पुढं दोनच माणसांची जागा. फरक एवढाच की चौतीसच्या गाडीला मागे एक झाकण होतं. ते उघडलं की आतून एक अरुंद बैठक वर यायची. तिला डिक्की म्हणत. टप यायचा तो पुढच्या दोघांपुरता. डिक्कीतल्या माणसावर वर फक्त आभाळ. छत्तीसच्या मॉडेलात कंपनीनं ती डिक्की काढूनच टाकली होती.

"मले ही आवडली," देवीदास माझ्या गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाला. "बाबाले ती आवडली."

"चालवनार कोन? तुमी का बाबा?"

"आमचा सहदेव चालवते. ड्रायव्हर हाय आमचा."

"आन तुमाले?"

तो टोपी फिरवत राहिला. "मले... येत नाई चालवता."

मी हसले. इतकी हसले की सूप कलंडलं आणि दाणे बैठकीच्या फटीत गेले. पळणाऱ्या गाडीची हौस, आणि पळवायला माणूस पगारी. तो रागावला नाही. खाली वाकून दाणे वेचायला लागला. वेचता वेचता त्याचा हात माझ्या पदराच्या काठाशी आला... आणि थांबला... आणि दुसरीकडचे दाणे वेचायला गेला.

मग तो पुन्हा आला. टोपी विसरली म्हणे. टोपी त्याच्या डोक्यावर होती.

"ही नाई, दुसरी," तो म्हणाला.

पुन्हा आला. इंजिनचा आवाज ऐकायचा होता म्हणे. मामानं हँडल मारून इंजिन सुरू केलं आणि हा इंजिनाकडे पाठ करून ओट्यावर माझ्याशी बोलत बसला. मामी, पार्बताबाई, आतून म्हणाली, "जमुने, त्या अकोलेवाल्याले म्हन, आवाज मागं हाय." तो कानापर्यंत लाल झाला. मीही झाले असेन. मला दिसत नव्हतं ते.

एवढं गोड चाललं असताना आमच्यातली मोठी माणसं काय करतात? बघायला येतात.

केशवराव पाच-सहा पगड्या घेऊन आले. मला पाटावर बसवलं. नाव काय? जमुना. चालून दाखव. चालले. सुईत दोरा ओव. ओवला. जरा मोठ्यानं बोल, ऐकू येते का पाहू. बोलले. आठवडाभरापूर्वी याच माणसानं चौतीसच्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं होतं, चाकांना लाथा मारल्या होत्या, भोंगा दाबला होता. मला लाथ मारायची तेवढी राहिली. आणि देवीदासला कुणी म्हटलं का, जरा चालून दाखवा? सुई द्या याच्या हातात? मी विचारते आहे. वाचणाऱ्या पोरींनो, तुम्हीही विचारा. फार तर काय, लोक म्हणतील पोरीला जीभ आहे. ती असतेच सगळ्यांना.

तरी मी गप्प होते. कारण समोर तो होता, आणि त्याचा एक गाल सारखा आत जात होता.

पसंती झाली. माझ्या कपाळी कुंकू लागलं, पदरात नारळ पडला. मी आत गेले. मामीनं तोंडात गूळ घातला. बाहेर चहा आला, आणि केशवराव बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,

"नत्थुजी, आता गाडीचंबी पक्कं. चौतीसची घेतो. वरातीत पुढं सहदेव आन देवीदास. सूनबाई मागं डिक्कीत, पदर घेऊन. पुढंबी तसंच बरं. बाईमानूस ड्रायव्हरच्या बाजूले बसते का कुठं?"

गूळ तसाच तोंडात राहिला.

अमरावती ते अकोला, मूर्तिजापूरवरून, सगळा कच्चा फुफाट्याचा रस्ता. पुढं दोन पुरुष टपाखाली गप्पा मारत. मागं मी, पेटीसारखी, पदरावर धूळ घेत. आणि हे एका दिवसाचं नाही, जन्माचं. प्रत्येक सणाला, प्रत्येक माहेरच्या फेरीला, माझ्या नवऱ्याची पाठ बघत जायचं. ड्रायव्हरचीही. आणि हे कोण कुणाला सांगतंय? मामाला. मी दाराआड उभी आहे हे ठाऊक असून.

मी बाहेर आले.

"एक विचारू का जी?"

मामाचा चेहरा पडला. केशवरावांनी बशी खाली ठेवली. "विचार ना, बाई."

"छत्तीसची कावून नाई? तिच्यात दोघं बसतात."

"आन सहदेव कुठं बसन?"

"घरी."

एक पगडी खोकली. केशवराव हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. हसणं समजूत घालणारं होतं, लहान लेकराला घालतात तसं. "पोरी, कृष्णाच्या रथावरबी सारथी होताच ना? आपल्याच अंबादेवीच्या देवळातून नेलं रुक्मिणीले."

"नेलं. पन बाजूले बसवून नेलं. गाठोड्यावानी मागं बांधून नाई."

मग मी त्याच्याकडे वळले. खरं भांडण त्याच्याशीच होतं. "तुमाले काय वाटते?"

देवीदासनं माझ्याकडे बघितलं. मग वडलांकडे. मग बशीत. त्या बशीत काय होतं कुणास ठाऊक, पण उत्तर त्यानं तिलाच दिलं.

"बाबा म्हनतात तसं..."

मी पदरातला नारळ काढला आणि केशवरावांच्या पुढ्यात ठेवला. आपटला नाही. नीट, शेंडी वर करून ठेवला.

"मले डिक्कीत नाई बसायचं," मी म्हटलं, आणि आत जाऊन चुलीत लाकूड सारलं. मग दुसरं, मग तिसरं. रागानं. फक्त रागानंच, असं मी तेव्हा मामीला सांगितलं.

गावात बभ्रा झाला. गाडीत बसायच्या जागेवरून लग्न मोडलं. बायका नळावर म्हणायच्या, अशी काय मोठी गोष्ट, मागं तर मागं, मोटार तर आहे. हेच ते. अशी काय मोठी गोष्ट, म्हणता म्हणता बाई आयुष्यभर मागं बसते आणि शेवटी तिला वाटायला लागतं की जागाच तेवढी आहे. मामा दोन दिवस नुसता गाड्याच पुसत होता. मग जेवताना एकदम म्हणाला, "नारळ मातर ठेवला बरोबर."

देवीदास भाड्याच्या सर्व्हिस मोटारीनं एकटाच आला. मी त्याच गाडीत बसले होते. शेंगा संपत आल्या होत्या. उरल्या होत्या त्या जून झालेल्या, टणक.

"जमुना..."

"गाडी पाहाले आले? ती बाजूची पाहा. डिक्कीवाली."

"बाबापुढं तोंड उघडत नाई मी. लहानपनापासून..."

"मंग बाबालेच बसवा बाजूले."

तो दारापाशी उभा राहिला. दार उघडायला धजला नाही. "मले तू बाजूले पाहिजे," तो हळूच म्हणाला.

ऐकायला गोड होतं. पण मला संताप आला. "हे मले कावून सांगून राहिले? मले माहीत हाय. त्या दिवशी सहा पगड्या बसल्या होत्या, तवा सांगाचं होतं. एकटीपाशी, आवारात, हळूच... एवढं तर कोनीबी बोलते."

"काय करू मंग?"

"तुमची बाजू म्हनजे कोनती? गाडी सहदेव चालवते, तोंड बाबा चालवतात. तुमाले बाजूच नाई, तर मी कोनाच्या बाजूले बसू?"

त्याचा आत जाणारा गाल त्या दिवशी गेला नाही. मान खाली घालून तो फाटकापर्यंत गेला. तिथं थांबला. वळला.

"चालवाले किती दिवस लागतात शिकाले?"

"डोकं असन तर लवकर," मी म्हटलं. "पाय पोचतात ना?"

तो गेला, आणि मी एका शेंगेवर इतकी चिडले की तिचा दाणा कंपाउंडाबाहेर उडाला. म्हणजे हा आता शिकणार का? मला काय त्याचं? उठसूट मी रस्त्याकडेच तोंड करून का बसते? मामानं चौतीसची गाडी परतवाड्याच्या एका जंगल ठेकेदाराला विकून टाकली. मला बरं वाटलं. छत्तीसची बघायला कुणी आलं की मी म्हणायची, तिचा क्लच कडक आहे. कडक होता. इतकाही नव्हता.

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला. तोही नीट नाही, अडखळत, सर्दी झाल्यासारखा. बाहेर आले तर केशवरावांची मोठी काळी मोटार, जिच्यातून ते आधी यायचे ती. एक मडगार्ड चेपलेलं, पुढच्या दिव्याला कडब्याची पेंढी लोंबकळत होती. स्टिअरिंगवर देवीदास. धुळीनं पांढरा, भुवयासुद्धा. मागच्या बैठकीवर केशवराव, आणि त्यांच्या बाजूला, शेठजीसारखा, सहदेव.

सहदेव आधी उतरला. त्यानं मामाला रामराम केला आणि म्हणाला, "मालक, बडनेऱ्यापासून डोळे मिटून बसलो होतो. पोचलो का?"

केशवराव उतरले. पगडी वाकडी, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला एक नारळ.

"बाबा," देवीदास म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण आवारात सगळ्यांना ऐकू गेला. मामा होता, मामी दारात होती, रस्त्यावरचे चार बघे होते. "मले छत्तीसची घ्याची हाय. तिच्यात मी आन जमुना बसू. ती मागं बसनार नाई. कंदीच नाई. ती नसन बसत तर मले गाडी नको. लगनबी नको कोनाशी."

"रस्ताभर हेच ऐकून राहिलो," केशवराव मामाला म्हणाले. "बैलगाडीवर आदळला, तवाबी हेच सांगत होता. म्हटलं, बाप्पा, बस छत्तीसच्या गाडीत, पन समोर पाहा." मग माझ्याकडे वळून त्यांनी नारळ पुढं केला. "हा घे तुहा नारळ. सूनबाई होते का नाई होत ते तू पाहा. मूर्तिजापूरपासून मी याचीच शेंडी धरून बसलो होतो."

मी नारळ घेतला नाही. अजून नाही. "आन तुमी कुठं बसान?" मी विचारलं.

"मी?" म्हाताऱ्यानं मोठ्या मोटारीकडे बघितलं. "मी मागं. सहदेव चालवन तर."

मी हसले नाही. हसू दाबायला मला नारळ घ्यावा लागला.

मामानं छत्तीसच्या गाडीला हँडल मारलं. देवीदास ड्रायव्हरच्या जागी बसला, माझ्या जागी, आणि त्यानं आतून पलीकडचं दार उघडून धरलं. मी बसले. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

"क्लच हळू सोडा," मी म्हटलं.

"कडक हाय ना, म्हनून."

"नाई कडक. मी लोकायले उगाच सांगत होती."

तो वळून बघायला लागला. धुळीनं माखलेल्या तोंडावर एक गाल हळूहळू आत गेला. बैठकीच्या फटीत माझ्या बोटांना काहीतरी टोचलं. वाळून टणक झालेला तुरीचा दाणा होता. मी तो त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं मूठ मिटली, माझ्या दोन बोटांसकट... आणि सोडली नाही. बघे होते तरी सोडली नाही.

मामानं पुन्हा हँडल मारलं. या वेळी गाडी फाटकाबाहेर निघाली. बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलो. कापसाच्या गाड्या, लिंबाची झाडं, अंगावर ऊन, पदरात वारा.

"राग गेला?" त्यानं समोर बघत विचारलं. समोर बघत, हे महत्त्वाचं.

"अर्धा."

"आन राहिला तो?"

"या गाडीले डिक्की हाय कुठं, मागं टाकाले? मांडीवर घेऊन बसली हाय. तुमी चालवा."