‘गॅलर्ड’चं झाकण

सुनीतीला बुडालेल्या ‘गॅलर्ड’ जहाजावरून काहीही वर आणायचं नव्हतं. डेकवरचं एक लोखंडी झाकण उघडं आहे की बंद, एवढंच बघून यायचं होतं. पण त्यासाठी डॉर्सेटच्या किनाऱ्यापासून दूर, चौतीस मीटर खाली उतरणं भाग होतं.

काम जोनबाईंचं. मेडनहेडमधल्या तिच्या या शेजारीणबाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांचे वडील ‘गॅलर्ड’ या विनाशिकेच्या बॉयलर खोलीत कामाला होते. १९४० साली टॉर्पेडो लागून ती बुडाली, तेव्हा जोनबाई पाळण्यात होत्या. त्या खोलीतून एकटाच वाचलेल्या हार्करने चौकशीत सांगितलं, की वर डेकवर निघायच्या वाटेचं झाकण जोनबाईंच्या वडिलांनीच उघडं टाकलं, म्हणून पाणी भरलं. एकेचाळीस माणसं गेली. वडिलांचा फोटो भिंतीवर कधी लागलाच नाही, खणात पडून राहिला. खरं काय ते मरायच्या आत कळावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

सुनीतीने हिवाळाभर जहाजाचे आराखडे चाळले. बांधणी १९३४ची. आरमाराला वेग हवा, तोफा हव्यात, टॉर्पेडो हवेत आणि जहाज मात्र आटोपशीर हवं! मग दोन्ही बॉयलर खोल्या एकमेकींना चिकटवल्या, मध्ये एकच पोलादी भिंत. नेमका तिथेच घाव बसला तर? बसणार नाही, असं कुणीतरी ठरवलं असावं. खुर्चीत बसून ठरवायला काय जातं! सुनीतीनेही ते पान उलटलं. तिच्या डोक्यात फक्त झाकण होतं.

डायव्हिंगमधला जोडीदार उदय हा इल्फर्डचा डेंटिस्ट, नियमांचा पक्का. हवेचा एक हिस्सा जायला, एक परतायला, एक संकटासाठी. शिवाय ही बुडालेल्या माणसांची कबर, तेव्हा बघायचं, हात लावायचा नाही.

“एक थर्ड संपला की मी थंब वर करणार, म्हणजे वर निघायचं,” बोटीवर तो म्हणाला. “मग नो आर्ग्युमेंट, सुनीती. झाकण दिसलं नाही तरी.”

दोर धरून दोघं उतरले. पाणी आधी हिरवं, मग करडं झालं, आणि त्या करड्यातून डाव्या कुशीवर निजलेलं जहाज हळूहळू दिसू लागलं. तोफेच्या नळीत माशांनी बिऱ्हाड थाटलं होतं. डेकच्या कडेने ते धुराड्याच्या जागेपर्यंत पोहोचले. आता झाकण चार मीटरवर!

तेवढ्यात सुनीतीचा पाय अडकला. तिने झटका दिला. आणखी आवळलं! कुठल्याशा ट्रॉलरचं तुटकं जाळं होतं. श्वास वाढला, हवा भराभर संपू लागली. उदयने चाकू काढला. एक धागा. दुसरा. तिसरा. सुटली!

एक तृतीयांशाहून जास्त हवा संपली होती. समोर जाळ्याखाली झाकणाची नुसती कड दिसत होती. जाळं जरासं ओढलं असतं तर काम झालं असतं. उदयने अंगठा वर केला. तिला त्या अंगठ्याचा मनापासून राग आला. तरीही तिने आपला अंगठा वर केला.

वर सरकताना जहाजाची उजवी बाजू पायाखाली आली आणि टॉर्चच्या उजेडात मोठं भगदाड दिसलं. त्या एकाच भगदाडातून दोन्ही खोल्यांचे बॉयलर दिसत होते. मधली भिंत जागेवर नव्हतीच! म्हणजे दोन्ही खोल्या एकदमच भरल्या. वाफ गेली, पंप गेले. दहा झाकणं लावली असती तरी जहाज बुडालंच असतं. उलटलेलं पान तिला आत्ता आठवलं.

धक्क्यावर जोनबाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. झाकण बंद होतं, असं सांगणं अगदी सोपं होतं. पण सुनीतीने पाहिलं तेवढंच सांगितलं. जहाज भिंतीपायी बुडालं, तुमच्या वडिलांपायी नाही.

“झाकण मात्र मला दिसलं नाही,” ती म्हणाली. “उघडंही असेल.”

जोनबाईंनी चहा ओतला.

“हार्कर त्याच खोलीत होता ना?” त्यांनी शांतपणे विचारलं. “मग तो बाहेर कुठून आला?”

परतीच्या वाटेवर जोनबाईंनी हार्डवेअरच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. त्यांना एक खिळा हवा होता.